आढे, पाखे आणि त्रैराशिक



इतिहासाच्या व्याख्यानात आपण किल्ले ऐकतो, तह ऐकतो, राजांच्या स्वाऱ्या ऐकतो. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे तिच्याकडे आपण वर्षातून एकदाच, तेही गळू लागली म्हणजेच, मान वर करून पाहतो. ती वस्तू म्हणजे घराचे छप्पर. छपराला किती ढाळ द्यावा, त्यावर किती कौले लागतील, वासा किती लांब घ्यावा, हा हिशेब आपल्याकडे कोणी, कसा आणि कशाच्या आधारावर केला, एवढाच आजचा विषय. विषय लहान दिसतो. तथापि मृगाच्या पहिल्या सरीला ज्याचे छप्पर अपुरे राहिले असेल त्याला तो लहान वाटत नाही. माझ्या घराण्यात तसा एक प्रसंग घडला होता. तो ओघाने सांगेन, कारण या विषयाकडे मी वळलो तो त्या प्रसंगामुळेच.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. घराच्या मधोमध, सर्वांत उंच, लांबीला जे लाकूड असते ते आढे. आढ्यापासून दोन्हीकडे उतरत जाणारी पृष्ठे ती पाखे. पाखे दोन असली तर घर दुपाखी, चारी बाजूंना उतरली तर चौपाखी. आढ्यावरून भिंतीवर व भिंतीच्या बाहेर येतात ते वासे. वाशांवर आडव्या मारलेल्या पट्ट्या त्या रिपा. भिंतीबाहेर आलेला भाग ती वळचण. हे शब्द ज्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होते त्यांना लिहिता वाचता येत नव्हते असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः त्यांच्याजवळ एक पक्के गणित होते. ते कागदावर नव्हते, जमिनीवर होते.

छपराचा ढाळ मुळात पाऊस ठरवितो, आणि त्याच्या बरोबरीने छपरावर घालावयाची वस्तू ठरविते. सोलापुराकडे वर्षाला पंचवीस इंचांच्या आतबाहेर पाऊस पडतो. तेथे लाकडाच्या दाटणीवर माती चोपून केलेले धाबे, म्हणजेच माळवद, चालते. ढाळ नावापुरता असला तरी पुरतो, आणि उन्हाळ्यात रात्री निजावयास वर जागाही मिळते. रत्नागिरीस सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. तेथे माळवद घालणारा मनुष्य श्रावण पाहणार नाही. म्हणून सह्याद्रीच्या एका अंगाला सपाट गाव आणि दुसऱ्या अंगाला उतरत्या पाख्यांचे गाव, असा भेद नकाशावर रेघ ओढावी तसा दिसतो.

परंतु पाऊस तोच असला तरी गवताला एक ढाळ लागतो आणि कौलाला दुसरा. गवताच्या किंवा पेंढ्याच्या छपरात पाणी अडविणारी अशी सलग वस्तू नसते. पाणी एका काडीवरून दुसरीवर घसरत खाली जाते, आणि जितके लवकर जाईल तितके आत कमी मुरते. म्हणून गवताचे छप्पर चांगले उभे लागते. गाळ्याच्या निम्मी उंची, म्हणजे समकोनाचा अर्धा ढाळ, दिला म्हणजे ते निर्धास्त होते. कुंभाराच्या नळीच्या कौलांची गोष्ट उलट आहे. नळी चाकावर निमुळती काढावयाची, अर्धवट सुकली की उभी चिरून तिची दोन कौले करावयाची, मग भाजावयाची. अशी कौले एक ओळ उताणी आणि तिच्यावर दुसरी पालथी अशी बसवितात. त्यांना खाली धरून ठेवणारे काही नसते. एकमेकांचा भार आणि घर्षण एवढ्यावरच ती राहतात. ढाळ कमी झाला तर पाणी मागे परतून सांध्यातून आत येते, आणि ढाळ फार झाला तर कौलेच घसरून अंगणात येतात. म्हणून नळीच्या कौलांना ढाळाची मुभा फार थोडी. त्यातच माकड, मांजर, वारा आणि वरून पडणारा नारळ यांनी ती हलत. म्हणून दर वैशाखात घर शाकारावे लागे. चार शेजारी जमत, कौले उतरवीत, फुटकी वेगळी काढीत, पुन्हा बसवीत. ते काम सुताराचे नव्हते आणि कुंभाराचेही नव्हते. सगळ्या वाडीचे होते.

कौल ही आपल्याकडे पोर्तुगीज किंवा इंग्रज घेऊन आले अशी काहींची समजूत आहे. ती खरी नव्हे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी नेवाशास उत्खनन केले. तेथील सातवाहनकालीन थरांत भाजलेली सपाट कौले मिळाली. तशी कौले सातवाहनांच्या इतरही वसाहतींत सापडली आहेत. त्यांवर पाणी वाहून जाण्यासाठी खाचा आहेत, आणि खिळा किंवा खुंटी घालून ती लाकडाला अडकविता यावीत म्हणून भोके आहेत. म्हणजे कौल घसरू नये व पाणी सांध्यात शिरू नये, हे दोन्ही प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोदाकाठच्या कारागिराने ओळखले होते आणि आपल्या परीने सोडविलेही होते. पुढे ही रीत मागे पडली आणि नळीचे कौल सर्वत्र दिसू लागले.

आता गणिताकडे वळू. ज्याला पाटी-पेन्सिल घेऊन वाशाची लांबी काढावयाची आहे त्याने भास्कराचार्यांकडे जावे. आचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला, आणि लीलावती लिहिली गेली ११५० च्या सुमारास. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लीलावतीत क्षेत्रव्यवहाराच्या आरंभी भुज, कोटि आणि कर्ण यांचे गणित आहे, आणि पहिलेच उदाहरण तीन, चार आणि पाच या आकड्यांचे आहे. आपले छप्पर म्हणजे हाच त्रिकोण. भिंतीपासून आढ्याखालच्या मध्यापर्यंतचे आडवे अंतर हा भुज, आढ्याची उंची ही कोटि आणि वासा हा कर्ण. ज्या वर्गमुळाचा पुरता भाग जात नाही त्याचे आसन्न मूळ काढण्याची युक्तीही आचार्यांनी दिली आहे. संख्येला एखाद्या मोठ्या वर्गाने गुणावे, मूळ काढावे आणि मग त्या वर्गाच्या मुळाने भागावे.

याहून आपल्या विषयाशी जवळची गोष्ट अशी की, लीलावतीत चितिव्यवहार आणि क्रकचव्यवहार अशी दोन प्रकरणे आहेत. पहिल्यात विटांच्या राशीचे घनफळ काढून त्याला एका विटेच्या घनफळाने भागावयाचे आणि विटांची संख्या मिळवावयाची. दुसऱ्यात करवतीने लाकूड चिरण्याच्या कामाचे मोजमाप. ज्याला आज आपण इस्टिमेट म्हणतो ते हेच. फरक इतकाच की पुढे ते विद्येच्या अंगाने पाठशाळेत राहिले, आणि कामाच्या अंगाने सुतारांच्या घरात. दोन्ही घरांची भेट क्वचित पडली.

सुतार वर्गमूळ काढीत नसे. तो अंगणात जागा झाडून घेई, दोरी ताणून गाळ्याच्या निम्म्या रुंदीएवढी रेघ मारी, गुण्या लावून किंवा दोरीवर तीन, चार, पाच मोजून काटकोन उभारी, त्यावर आढ्याची उंची मोजी आणि दोन टोकांना दोरी लावी. ती दोरी म्हणजे वासा. तिच्यात वळचणीचा भाग मिळविला की माप झाले. एक वासा तासून झाला की तोच पुढच्या सर्वांचा नमुना. तसूमध्ये मोजणारा सुतार अंशांच्या कोनात कधी बोलला नाही. तो म्हणे, गाळ्याच्या पाव उंची, किंवा तिसरा हिस्सा, किंवा निम्मी. ही भाषा अडाणी नाही. ओळंबा, पाणसळ आणि दोरी एवढ्याच साधनांनी जे मोजता येते ते नेमके तिच्यात सांगितलेले असते.

या तीन ढाळांचे एक सोपे कोष्टक श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. गाळ्याच्या पाव उंची असेल, म्हणजे दोन फूट आडवे गेल्यावर एक फूट चढ, तर पाखे आडव्या जागेपेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने वाढते. नेमका आकडा १.११८ आहे. तिसरा हिस्सा उंची असेल तर सुमारे पाचव्या हिश्श्याने, म्हणजे १.२०२. निम्मी असेल तर दोन-पंचमांशाहून किंचित अधिक, म्हणजे १.४१४. आणि चारास तीन असा चढ दिला तर भास्कराचार्यांच्या उदाहरणाप्रमाणे बरोबर सव्वापट. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ऐकून नवल वाटते. चारही बाजूंचा ढाळ सारखा असेल तर चौपाखी घराला दुपाखी घराहून जास्त क्षेत्र लागत नाही. खालची झाकलेली जागा सारखी असली की वरचे क्षेत्रही सारखेच. चौपाखीत वाढते ते कोनवाशांवर तिरकी कापावी लागणारी कौले आणि त्यांची नासाडी.

हे सगळे गणित जुनेच होते. मग एकोणिसाव्या शतकात असे काय झाले की छपराचा हिशेब अंगणातून उठून कागदावर गेला? माझ्या मते दोन गोष्टी झाल्या, आणि त्या जवळजवळ एकाच काळात.

पहिली गोष्ट मंगळुरास झाली. बासेल मिशनचे लोक तेथे १८३४ साली आले. ज्यांनी धर्म बदलला त्यांचे जातीचे धंदे सुटत, तेव्हा त्यांना काम द्यावे म्हणून मिशनने विणकामाचे आणि इतर कारखाने काढले. मिशनच्या छापखान्याशी संबंध असलेला जॉर्ज प्लेब्स्ट नावाचा एक जर्मन यंत्रज्ञ होता. नेत्रावतीकाठच्या मातीवर त्याचे लक्ष गेले. युरोपात त्यापूर्वीच, १८४१ साली, आल्सासमधील जिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचा हक्क नोंदविला होता, आणि त्याच जातीचे कौल पुढे मार्सेलच्या नावाने जगभर गेले. त्या धर्तीवर प्लेब्स्टने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना सुरू केला. माती शेतातली आणि नदीकाठची, ती मळावयास आरंभी बैल, भट्टीला घाटातून उतरणारे सरपण, आणि कौल दाबावयास लोखंडी साचा. पाहता पाहता त्या किनाऱ्यावर एतद्देशीय मालकांचेही कारखाने उभे राहिले. पहिल्या महायुद्धात मिशनचे कारखाने शत्रुपक्षीय म्हणून सरकारच्या ताब्यात गेले आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे आले. कौलाचे नाव मात्र मंगळुरीच राहिले.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. जुन्या कौलांच्या पाठीवर कारखान्याच्या नावाबरोबर पुष्कळदा १८६५ असा आकडा उठविलेला आढळतो, आणि घरमालक मोठ्या अभिमानाने सांगतात की आमचे घर १८६५ चे आहे. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा असतो. कौल त्यानंतर पन्नास वर्षांनीही पाडलेले असू शकते. इतिहासाच्या अभ्यासकाने कौलाची पाठ वाचावी, पण तिच्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट पुण्यास झाली. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती, म्हणून १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग उघडला. त्याचेच पुढे कॉलेज झाले. त्यातून ओव्हरसिअर नावाचा एक नवा मनुष्य तयार झाला. तो इमारत उभी राहण्यापूर्वी तिचा खर्च कागदावर मांडी. शाळा, कचेरी, धर्मशाळा, डाकबंगला, काहीही असो, आधी अंदाजपत्रक आणि मग पाया.

या दोन गोष्टी एकमेकींना पूरक ठरल्या. कुंभाराची दोन कौले कधी सारखी नसत. एका कुंभाराची लांब, दुसऱ्याची आखूड, तिसऱ्याच्या भट्टीत वाकलेली. म्हणून इतक्या जागेला इतकी कौले असे कागदावर लिहिणे व्यर्थ होते. कौले कमी पडली तर कुंभार गावातच होता, आणखी भाजून देई. साच्यातले कौल सगळे सारखे. मागच्या बाजूला त्याला एक नाक असते, ते रिपेत अडकते. त्यामुळे ढाळ वाढविला तरी ते घसरत नाही. बाजूची पन्हळ शेजारच्या कौलाच्या कडेखाली जाते. त्याचे माप साधारण सोळा इंच लांब व सव्वानऊ इंच रुंद. आज भारतीय मानक क्रमांक ६५४ मध्ये जी मापे आहेत त्यांतले सर्वांत लहान ४१० गुणिले २३५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेच. एकमेकांवर येणारा भाग वजा केला की एक कौल सुमारे साडेबारा इंच उभे आणि आठ पूर्णांक एक-तृतीयांश इंच आडवे झाकते. म्हणून एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, सुमारे १३८ कौले. हा आकडा एकदा मिळाला की रत्नागिरीच्या माणसाला कारखाना न पाहता, कारागिराला न ओळखता, एक पत्र टाकून मंगळुराहून कौले मागविता येत. पूर्वी विश्वास कुंभाराच्या हातावर होता. आता तो त्रैराशिकावर आला.

आणि आता तो घरचा प्रसंग. माझे पणजोबा दक्षिण कोकणातल्या एका गावी शाळामास्तर होते. १९१२ साली त्यांनी घर बांधावयास काढले. लांबी ३० फूट, रुंदी २० फूट, दुपाखी, गाळ्याच्या पाव उंचीचा ढाळ. नळीच्या कौलांची दरसालची शाकारणी चुकावी म्हणून त्यांनी मंगळुरी कौले घालावयाचे ठरविले. हिशेब स्वतःच केला. मुलांना त्रैराशिक शिकविणारे मास्तर, दुसऱ्याला कशाला विचारतील? ३० गुणिले २० म्हणजे ६०० चौरस फूट, सहा ब्रास. सहा त्रिक नव्हे, १३८ सक ८२८. वर थोडी फुटतूट धरून ८५० कौलांचे पत्र गेले. चैत्रात गलबत बंदराला लागले आणि कौले उतरली. मेस्त्री घरातला म्हणावा असा मनुष्य. त्याने रास पाहिली आणि विचारले, “मास्तर, मापां जमिनीची घेतलात की पाख्यांची?” घरात हा प्रश्न चार पिढ्या सांगितला जातो, पण पणजोबांनी काय उत्तर दिले ते कोणी सांगत नाही.

चूक कोठे झाली ती पाहू. वळचण चारही बाजूंना दोन दोन फूट होती. म्हणून झाकावयाची जागा ३४ गुणिले २४, म्हणजे ८१६ चौरस फूट. तिला सपाट धरले तरी ११२६ कौले लागतात. म्हणजे केवळ वळचण विसरल्यामुळे २९८ कौले कमी धरली गेली. आता ढाळ. आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत आडवे अंतर १२ फूट, उंची ६ फूट. १४४ आणि ३६ मिळून १८०. आचार्यांच्या रीतीने १८० ला दहा हजारांनी गुणले, मूळ १३४१ आले, शंभराने भागले, वासा १३.४१ फूट, म्हणजे सुमारे १३ फूट ५ इंच. दोन्ही पाखी मिळून ९१२ चौरस फूट, आणि कौले १२५९. ढाळ विसरल्याने आणखी १३३ गेली. मोठी चूक ढाळाची नव्हती, वळचणीची होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपण घर म्हणजे भिंतींच्या आतली जागा समजतो. पाऊस तसे समजत नाही.

मेस्त्रीचा हिशेब याहूनही चोख होता, कारण तो क्षेत्रफळ मोजीत नव्हता, ओळी मोजीत होता. १३ फूट ५ इंच म्हणजे १६१ इंच. त्यात साडेबारा इंचांच्या तेरा ओळी बसतात, कारण बारा ओळींनी पाखे पुरे होत नाही आणि अर्धी ओळ घालता येत नाही. ३४ फूट म्हणजे ४०८ इंच. त्यात एका ओळीला ४९ कौले. तेरा गुणिले एकोणपन्नास ६३७, दोन पाखी १२७४. क्षेत्रफळाच्या हिशेबाहून पंधरा अधिक. फुटतुटीला शेकडा पाच धरले म्हणजे १३४० च्या आसपास, आणि आढ्यावरची कौले सव्वा फुटाला एक या मानाने २८ निराळी. रिपा एका पाख्याला तेरा आणि वळचणीची एक, मिळून चौदा. दोन पाख्यांच्या ९५२ फूट. एका कौलाचे वजन सव्वादोन किलोच्या सुमाराचे धरले तर वाशांवर जवळजवळ पावणेतीन ते तीन टन भार, आणि पावसात कौल पाणी प्याले म्हणजे त्याहून अधिक. हा सर्व जमाखर्च मेस्त्रीच्या तोंडी होता.

पणजोबांनी लगेच दुसरे पत्र टाकले. पण वैशाख उजाडला होता. कोकणात ज्येष्ठाच्या तोंडाशी समुद्र बंद होतो तो नारळी पौर्णिमेपर्यंत. गलबते किनाऱ्याला ओढून ठेवतात. घाटावरून कौले आणावयाची तर गाडीभाडे कौलांच्या किमतीवर जाणारे. उतरताना फुटलेली वजा जाता आठशेच्या आसपास कौले राहिली. एका बाजूला भार पडू नये म्हणून मेस्त्रीने ती दोन्ही पाख्यांवर वळचणीपासून सारखी चढवीत नेली. आठ आठ ओळी झाल्या. आढ्याजवळच्या पाच पाच ओळी उघड्या राहिल्या. त्यावर गवत घातले.

येथे मघाचा नियम आठवावा. गवताला निम्म्या उंचीचा ढाळ लागतो. हे छप्पर पाव उंचीचे होते, कौलांसाठी बेतलेले. त्या मंद उतारावर गवत पाणी झाडीना, पीत राहिले. मृगात गळती सुरू झाली ती हस्तापर्यंत. माजघराच्या वरच्या माळ्यावर ठेवलेले बियाण्याचे भात कुजले. पुढच्या वर्षी बी उधारीने आणावे लागले. ती उधारी दोन वर्षे फिटत होती, असे घरच्या वहीत नोंदलेले आहे. ऑगस्टनंतर पहिल्या गलबताने उरलेली कौले आली. वहीत त्यांच्या आकड्याखाली पणजोबांच्या हाताने भुज, कोटि आणि कर्ण यांची आकृती काढलेली आहे. खाली मेस्त्रीचे नाव लिहून पुढे “यांचे रीतीप्रमाणे” असे म्हटले आहे. एका मास्तराने एका सुताराला गुरू मानल्याची ही नोंद मला घराण्यातली सर्वांत मोलाची वाटते.

या प्रसंगात मंगळुरी कौलाचा काही दोष नाही. ते उत्तम होते, आणि तेच घर त्याखाली पुढे साठ वर्षे कोरडे राहिले. परंतु त्याने एक बदल केला तो नीट पाहिला पाहिजे. नळीचे कौल चुकीला क्षमा करीत असे, कारण कुंभार शेजारी होता. साच्यातले कौल चुकीला क्षमा करीत नाही, कारण ते दुरून, गलबताने, मोजून येते. जे गणित पूर्वी चुकले तर एक दिवस वाया जाई, तेच आता चुकले तर एक पावसाळा वाया जाऊ लागला. वस्तू जितक्या दुरून येतात तितका आधी केलेला हिशेब महत्त्वाचा होतो.

या बदलाची किंमत कोणी दिली तेही सांगितले पाहिजे. गावोगावच्या कुंभारांचा कौलांचा धंदा हळूहळू बसला. त्यांच्याकडे मडकी आणि गणपती राहिले. शाकारणीच्या निमित्ताने जमणारी वाडी जमेनाशी झाली. उलट बाजूने, ज्या विधवेच्या घरी शाकारावयास कोणी पुरुष नव्हता तिला दर वैशाखात दुसऱ्याच्या दारी जाणे चुकले. मुंबईत १८९६ च्या प्लेगानंतर अंधाऱ्या चाळींत ऊन-वारा शिरावा म्हणून छपरांवरची कौले काढली गेली होती. काचेची कौले मधूनमधून बसविता येणे हा पुढे मंगळुरी छपराचा एक मोठा गुण ठरला, आणि कित्येक स्वयंपाकघरांत उजेड आला तो त्यातूनच. नफा-तोटा दोन्ही मांडल्याशिवाय इतिहासाची वही पुरी होत नाही.

त्यानंतर पत्रा आला. नागमोडी पत्र्याचा हक्क लंडनमध्ये हेन्री पामर याने १८२९ सालीच नोंदविला होता. पत्र्याला सांधे थोडे, म्हणून थोडा ढाळही पुरतो. मग सिमेंटची सपाट गच्ची आली, आणि कोकणानेही माळवदाचा थाट उचलला. आज तालुक्याच्या गावी फिरून पाहावे. गळणाऱ्या गच्चीवर लोखंडी खांब उभारून उतरता पत्रा घातलेला दिसतो. सव्वाशे इंचांच्या पावसाने आपला मुद्दा पुन्हा मान्य करून घेतला आहे. आणि त्या पत्र्याची मोजणी करतानाही भिंतीबाहेरची वळचण आणि ढाळाची वाढ विसरणारे मास्तर अजून भेटतात.

आता शेवटची विनंती करून पुरे करतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुने घर बांधल्याच्या वह्या असतील. किती कौले, किती वासे, कोणत्या बंदराला उतरली, भाडे काय पडले, मेस्त्री कोण, हे सगळे त्यांत असते. जुने घर पाडताना त्या रद्दीत जातात. राजांचे कागद जपणारी दप्तरे आहेत. या वह्या जपणारे आपल्यावाचून कोणी नाही. त्या येथील ग्रंथालयात आणून द्याव्यात, निदान वाचावयास द्याव्यात. आणि यंदा ज्यांना पत्रा किंवा कौले घालावयाची असतील त्यांनी पत्र टाकण्यापूर्वी मेस्त्रीला तो एक प्रश्न विचारू द्यावा. मृगाला अजून थोडे दिवस आहेत.